बर्फातल्या मैलाचा कार्बन वेगळा मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘इस्तंबूल ब्रिज’ हे कंटेनर जहाज २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चीनच्या निंगबो बंदरातून निघून रशियाच्या उत्तर किनाऱ्याने सुमारे २० दिवसांत इंग्लंडमधील फेलिक्स्टोला पोचले. तेव्हापासून उत्तर सागरी मार्गाच्या बातम्यांना एक शेपूट हमखास जोडलेले असते : अंतर तीस-चाळीस टक्के कमी, म्हणजे कार्बनही तेवढाच कमी. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मोकळे असताना गेलेल्या जहाजापुरते हे निम्मे-अधिक खरे आहे. पण हेच गणित बर्फातल्या प्रवासाला लावले की ते साफ कोसळते. कसे कोसळते आणि अंदाज नेमका कुठे चुकतो, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे पत्र. लांबले आहे, पण आकडे दिल्याशिवाय हा विषय कळत नाही.

जहाजाच्या कार्बनचा हिशेब एका साखळीने चालतो. आधी बर्फ जहाजाला किती अडवतो, मग तो रोध तोडायला जहाज ढकलणाऱ्या पंख्याला (प्रॉपेलरला) किती शक्ती लागते, त्या शक्तीला किती इंधन जळते आणि त्या इंधनातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो. शेवटची कडी सर्वांत सोपी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, प्रत्येक इंधनाचा गुणक ठरवून दिला आहे : जड तेलाच्या एका टनामागे ३.११४ टन, मरीन गॅसऑइल या हलक्या जहाजी तेलामागे ३.२०६ टन, एलएनजीमागे, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूमागे, २.७५ टन. इंजिन किलोवॉट-तासाला साधारण १७० ते २०० ग्रॅम इंधन खाते, हेही इंजिनरूममध्ये कुणीही सांगेल. घोळ होतो तो पहिल्या दोन कड्यांत.

उदाहरणादाखल एक मध्यम मालवाहू जहाज घेऊ. लांबी १५० मीटर, रुंदी २४, डूब (पाण्याखालची खोली) ९ मीटर. पंखा ५ मीटर व्यासाचा, पात्यांचा कोन बदलता येणारा. इंजिन साडेदहा मेगावॉटचे. मोकळ्या पाण्यात १३ नॉटने (तासाला १३ सागरी मैलांनी) जायला त्याला ६ मेगावॉट लागतात असे धरा. इंधन गॅसऑइल, खप किलोवॉट-तासाला १८५ ग्रॅम. मग तासाला १.११ टन तेल जळते आणि सागरी मैलामागे ०.२७ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. एवढा हिशेब कोणताही चीफ इंजिनियर पाकिटाच्या पाठीवर करील.

आता हेच जहाज ६० सेंटीमीटर जाडीच्या सपाट, अखंड बर्फात घाला. इथे जगभर वापरली जाते ती लिंडक्विस्टची १९८९ ची रीत. तीत रोधाचे तीन भाग आहेत. नाळेने, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाने, बर्फ चिरडणे, वाकवून मोडणे आणि मोडलेले तुकडे जहाजाच्या पोटाखाली दाबत-घासत मागे लोटणे. बर्फाची वाकवण्याची ताकद ५०० किलोपास्कल, घर्षणांक ०.१, नाळेचा उतार ३५ अंश आणि पाणरेषेवरचा कोन ३० अंश घेतला तर ५ नॉट वेगाला एकूण रोध ८७६ किलोन्यूटन येतो. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा तिसऱ्या भागाचा आहे. लोकांना वाटते की सगळी ताकद बर्फ फोडण्यात जाते. प्रत्यक्षात फोडलेला बर्फ पोटाखाली घासत नेण्याचा खर्च मोठा असतो, आणि म्हणूनच तळाचा रंग हा कार्बनचा प्रश्न आहे. बर्फासाठीचा कडक, गुळगुळीत लेप झिजून घर्षणांक ०.१ वरून ०.१५ वर गेला, तर वरच्या उदाहरणात रोध २० टक्क्यांनी वाढतो आणि तोच वेग टिकवायला एक-तृतीयांश शक्ती जास्त लागते. एवढी शक्ती इंजिनात नसतेच, म्हणून वेग पडतो. बर्फावर ओलसर हिमाचा थर साचलेला असला तरी परिणाम याच दिशेचा.

८७६ किलोन्यूटन रोधाला ५ नॉटवर पंख्याकडून सुमारे १०.२ मेगावॉट लागतात, म्हणजे इंजिन जवळपास पूर्ण भारावर. तासाला ६ टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड, आणि तासात काटले अंतर फक्त ५ मैल. मैलामागे १.२ टन, म्हणजे मोकळ्या पाण्याच्या साधारण साडेचार पट. वेग कमी असताना पंख्याची कार्यक्षमता पार घसरते. ती मोकळ्या पाण्यातल्यासारखी धरून चालणे ही नवख्याची पहिली चूक.

खरी गंमत जाडी बदलल्यावर दिसते. ४० सेंटीमीटर बर्फात ५ नॉटला ५ मेगावॉट पुरतात आणि मैलामागचा कार्बन ०.५९ टनावर येतो. ८० सेंटीमीटरला ५ नॉटचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण शक्ती लावूनही जहाज तीन नॉटच्या आतच राहते, आणि मैलामागे सुमारे २.२ टन निघतात. एक मीटर जाडीत हिशेबाने जेमतेम एक नॉट मिळतो, प्रत्यक्षात जहाज अडकलेच समजा. म्हणजे २० सेंटीमीटर इकडे-तिकडे झाले की कार्बन निम्म्यावर तरी येतो नाहीतर दुपटीच्या आसपास जातो. आता बर्फाच्या नकाशांकडे पाहा. जागतिक हवामान संघटनेच्या वर्गवारीत पहिल्या वर्षाचा पातळ बर्फ म्हणजे ३० ते ७० सेंटीमीटर, मध्यम म्हणजे ७० ते १२०. नकाशावर अंड्याच्या आकाराच्या चौकटीत एक आकडी खूण असते आणि तिच्या पोटात ही सगळी कक्षा मावते. आमच्या उदाहरणातले ४० सेंटीमीटर आणि ६० सेंटीमीटर एकाच खुणेखाली येतात. कार्बन मात्र दुप्पट.

उपग्रहांची मदत होते, पण ती नीट समजून घ्यायला हवी. समुद्राचा किती भाग बर्फाने झाकला आहे, हे सूक्ष्मलहरी मोजणारे उपग्रह काही किलोमीटरच्या चौकोनात रोज सांगतात आणि बऱ्यापैकी बरोबर सांगतात. जाडीचे तसे नाही. युरोपचा क्रायोसॅट-२ पाण्यावर डोकावणाऱ्या बर्फाची उंची मोजून खालची जाडी काढतो. बर्फाचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असल्याने वर झालेली काही सेंटीमीटरची चूक जाडीत कैक पटींनी फुगते, शिवाय वर हिम किती साचले आहे ते अंदाजानेच धरावे लागते. स्मॉस हा दुसरा उपग्रह पातळ बर्फासाठी चांगला, पण अर्ध्या मीटरच्या आसपास त्याची नजर संपते. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की जाडीचे मोजमाप आणखी अवघड होते, आणि जहाजांची वर्दळ नेमकी त्याच महिन्यांत असते.

जाडीच्या सरासरीचाही एक सापळा आहे. समजा, चौकोनाची सरासरी जाडी ६० सेंटीमीटर दिली आहे, पण प्रत्यक्षात निम्मा बर्फ ४० आणि निम्मा ८० सेंटीमीटरचा आहे. सरासरी जाडीवरून मैलामागे १.२१ टन येतात, दोन्ही भाग वेगवेगळे काढून सरासरी घेतली तर १.३९ टन. पंधरा टक्क्यांचा फरक, आणि तोही नेहमी कमी दाखवण्याच्या बाजूने. वाऱ्याने लाद्या एकमेकींवर चढून तयार झालेले बांध यात धरलेलेच नाहीत. अशा बांधाची पाण्याखालची बाजू कित्येक मीटर खोल असू शकते. आमच्या जहाजाला तो एका दमात ओलांडता येत नाही. मागे सरायचे, धाव घ्यायची, धडकायचे, पुन्हा मागे सरायचे. या धडकांमध्ये इंजिनाचा भार वर-खाली होत राहतो, इंधन जळत राहते आणि नकाशावर जहाज जागच्या जागी दिसते. सपाट बर्फाचे कोणतेही सूत्र हा खर्च सांगत नाही. तो धडकांच्या संख्येवरून वेगळाच काढावा लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बर्फाने पाणी साठ-सत्तर टक्क्यांपेक्षा कमी झाकलेले असेल तर कप्तान लाद्यांना वळसा घालत निघून जातो आणि रोध बराच कमी भरतो. तिथे अखंड बर्फाचे सूत्र लावले तर आकडा उगाच फुगतो. जाडीला नुसते झाकलेल्या भागाच्या टक्केवारीने गुणून ‘समतुल्य जाडी’ काढण्याची सोपी पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. ती या दोन्ही टोकांना चुकते : विरळ बर्फात जास्त दाखवते आणि दाट बर्फात दाबाखालच्या लाद्या विसरते. वारा किनाऱ्याकडे वाहत असला की दाट बर्फ आवळत जातो, मागे उघडलेली वाट मिनिटांत मिटते आणि दोन्ही कुशींवर बर्फ घासू लागतो. दाबाचा हा अंदाज जाडीच्या अंदाजाहूनही कच्चा आहे.

मोकळ्या समुद्रात कार्बन वाचवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेग कमी करणे. शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत लागते, म्हणून १३ नॉटवरून १० वर आले की मैलामागचा कार्बन सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. बर्फात हा मंत्र चालत नाही. ६० सेंटीमीटरच्या त्याच बर्फात ५ नॉटला मैलामागे १.२१ टन, ४ नॉटला १.१९, ३ नॉटला १.२५ आणि २ नॉटला १.४५ टन. कारण बर्फाचा बराचसा रोध वेग शून्याकडे गेला तरी तसाच राहतो, आणि पंखा मात्र जितका सावकाश पुढे सरकतो तितका वाया फिरतो. तेव्हा ‘सावकाश जा, कार्बन वाचवा’ हा सल्ला बर्फातल्या कप्तानाला देऊ नये. त्याच्यावर आधीच दुसरी बंधने असतात. ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठीच्या आयएमओच्या ध्रुवीय संहितेसोबत वापरल्या जाणाऱ्या, बर्फातली जोखीम मोजण्याच्या पोलारिस पद्धतीत जोखीम ठरावीक पातळीखाली गेली की हलक्या ध्रुवीय वर्गाच्या जहाजाला ३ नॉटची मर्यादा सुचवलेली आहे. अंदाज बांधताना आधी ही मर्यादा तपासायची आणि मग वेग धरायचा. उलटे केले की कागदावर ५ नॉटने धावणारे जहाज प्रत्यक्षात जाऊच न शकणाऱ्या बर्फातून पार होते.

यानंतरचा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. जगातल्या जहाजांच्या कार्बनचे मोठे हिशेब एआयएस संदेशांवरून होतात. जहाज आपली जागा आणि वेग सतत प्रसारित करते, त्या वेगाचा घन घेऊन शक्ती काढली जाते आणि पुढे इंधन. लाटा-वाऱ्यासाठी आणि तळाला चढलेल्या शेवाळासाठी सुधारणा करतात. बर्फासाठी वेगळी सुधारणा नसेल तर काय होते ते पाहा. आमचे जहाज ५ नॉटने चालले आहे असे एआयएस सांगते. घनाच्या नियमाने त्याला ३४० किलोवॉट लागले पाहिजेत. प्रत्यक्षात लागत आहेत १०,२०० किलोवॉट. चूक तीस पटींची. बर्फ जितका जाड, तितका वेग कमी, आणि तितके जहाज कागदावर ‘स्वच्छ’. अशा आकडेवारीवर शिकवलेले संगणकी मॉडेल कितीही अद्ययावत असो, हीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने पुढे चालवील.

एआयएसवर वेग शून्य दिसला की तर आणखीच पंचाईत. जहाज आइसब्रेकरची, म्हणजे बर्फ फोडून वाट करून देणाऱ्या जहाजाची, वाट पाहत इंजिन मंद ठेवून उभे असेल, किंवा पूर्ण शक्ती लावून बांधाशी झटत असेल. नकाशावर दोन्ही ठिपके सारखे. हा फरक पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, पीळ मोजणाऱ्या टॉर्शन मीटरशिवाय कळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाच्या पूर्वेकडच्या ध्रुवीय समुद्रांत बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर गोठला आणि वीसच्या आसपास जहाजे अडकून पडली. काहींना सोडवायला आठवडे लागले. त्या दिवसांत जनित्रे, बॉयलर, टाक्या आणि नळ गरम ठेवण्याची यंत्रणा चालूच असते. शेकडो टन कार्बन निघतो आणि काटलेले अंतर शून्य. मैलामागच्या मोजमापात तो बसवायचा कुठे? आमच्या मते अंदाजात अडकण्याची शक्यता वेगळी धरावी आणि त्या दिवसांचा कार्बन वेगळ्या ओळीत दाखवावा. सरासरीत मुरवला की तो दिसेनासा होतो.

आता मार्गाच्या तुलनेकडे. योकोहामा ते रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ११,२०० सागरी मैल, उत्तरेकडून सुमारे ७,३००. वाचले ३,९०० मैल. आमच्या जहाजाच्या मोकळ्या पाण्यातल्या दराने ही बचत १,०७० टनांची झाली. ६० सेंटीमीटर बर्फातला प्रत्येक मैल ०.९४ टन जादा खातो, म्हणजे अशा बर्फाचे साधारण १,१४० मैल लागले की सगळी बचत गेली. बर्फ ८० सेंटीमीटरचा असेल तर ५६० मैलांतच गेली. रशियाच्या उत्तर किनाऱ्याचा मार्ग सुमारे ३,००० मैलांचा आहे. त्यात सुएझमार्गे जाणारी जहाजे कितीतरी मोठी असतात. वीस हजार कंटेनरांच्या जहाजाशी चार हजार कंटेनरांच्या जहाजाची तुलना करताना मैलामागचा कार्बन पाहायचाच नसतो, एका कंटेनरमागचा पाहायचा असतो. बर्फासाठी मजबूत केलेले जहाज जड असते, त्याची नाळ मोकळ्या पाण्याला सोयीची नसते, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते बर्फाबाहेरच धावते. त्या दिवसांचा जादा खपही याच मार्गाच्या खात्यावर टाकायला हवा.

आइसब्रेकर सोबत असला की चित्र बदलते. त्याने फोडलेल्या वाटेतून जाताना मागच्या जहाजाला तुकड्यांचाच रोध असतो. पण पुढच्या जहाजाचा कार्बन कुणाच्या नावावर? रशियाचे ‘आर्क्तिका’ वर्गाचे अणुशक्तीवरचे आइसब्रेकर ६० मेगावॉटचे आहेत आणि त्यांच्या धुराड्यातून कार्बन निघत नाही. बाल्टिकमध्ये फिनलंड-स्वीडनचे आइसब्रेकर तेलावर चालतात. फिनलंडच्या ‘पोलारिस’ नावाच्या आइसब्रेकरला २०१६ पासून एलएनजीही चालते. तिथे मालवाहू जहाजाच्या आकड्यात आइसब्रेकरचा वाटा धरला नाही, तर कमी ताकदीचे जहाज उगाच गुणी ठरते : स्वतःची शक्ती कमी म्हणून स्वतःचा कार्बन कमी, आणि वारंवार मदतीला बोलावलेल्या आइसब्रेकरचा खर्च सरकारी खात्यात. मदतीचे तास मोजून काफिल्यातल्या जहाजांत तो वाटून देणे अवघड नाही. नोंदी असतातच.

एलएनजीबद्दल थोडक्यात. रशियाच्या यमाल वायू प्रकल्पासाठी बांधलेली आर्क-७ या रशियन बर्फवर्गाची १५ जहाजे प्रत्येकी १,७२,६०० घनमीटर द्रवरूप वायू नेतात, सर्व दिशांना वळवता येणाऱ्या तीन पंख्यांवर ४५ मेगावॉट लावतात आणि जाड बर्फात मागच्या बाजूने पुढे जातात. अभियांत्रिकी म्हणून काम अप्रतिम आहे. पण त्यांची चार-स्ट्रोक दुहेरी इंधनाची इंजिने थोडा मिथेन न जळताच सोडतात. युरोपच्या नियमांत अशा इंजिनांसाठी ३.१ टक्के गळती धरली जाते. टनामागे ३१ किलो मिथेन म्हणजे शंभर वर्षांच्या मापाने जवळजवळ ०.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, आणि वीस वर्षांच्या मापाने अडीच टन. इंजिन कमी भारावर चालले की गळती वाढते, आणि धडका मारताना भार सतत वर-खाली होत असतो. २.७५ चा गुणक एवढेच पाहणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. काजळी बर्फावर बसून तो काळवंडतो, तो परिणाम यापैकी कोणत्याच आकड्यात नाही.

एवढे सगळे मोजता येते, तर मोजत का नाहीत? कारण नियमांनीच सूट दिली आहे. २०२३ पासून जहाजांना कार्बन-तीव्रतेवरून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. त्या हिशेबातून बर्फवर्गाच्या (बर्फासाठी मजबूत केलेल्या) जहाजाचा बर्फाच्या कडेच्या आतला प्रवास, इंधन आणि अंतर दोन्हींसह, वजा करता येतो. युरोपच्या उत्सर्जन-व्यापारात वरच्या बर्फवर्गाच्या जहाजांना २०३० अखेरपर्यंत उत्सर्जनाचे ५ टक्के कमी परवाने भरावे लागतात, आणि बर्फातले अंतर व वेळ कळवणे ऐच्छिक आहे. सूट देण्यामागचा विचार आम्हाला मान्य आहे. उत्तर फिनलंडच्या बंदराला हिवाळ्यात माल न्यायचा तर बर्फ टाळता येत नाही, आणि श्रेणी घसरेल या भीतीने कुणी कमी ताकदीचे जहाज बर्फात घालू नये. पण दंडातून सूट वेगळी आणि मोजण्यातून सूट वेगळी. आज पहिलीच्या आडून दुसरीही मिळून जाते.

यात महाराष्ट्राचा आणि गोव्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. मुंबईच्या मालाला हा मार्ग जवळचा नाही, हे आधी स्पष्ट करू. मुंबईहून सिंगापूर, जपान करत बेरिंग सामुद्रधुनी गाठेपर्यंतच जेवढे अंतर होते, त्याहून कमी अंतरात सुएझमार्गे रॉटरडॅम येते. तरी भारत-रशिया यांच्यात उत्तर सागरी मार्गावरील सहकार्यासाठी कार्यगट आहे आणि ध्रुवीय नौवहनासाठी भारतीय खलाशांना तयार करण्याची चर्चा त्यात आहे. नौवहन महासंचालनालय मुंबईत आहे, जहाजांचे वर्गीकरण करणारी भारतीय संस्थाही मुंबईतलीच. ध्रुवीय पाण्यासाठीचे प्रशिक्षण २०१८ पासून सक्तीचे झाले आहे. त्या अभ्यासक्रमात बर्फात जहाज कसे चालवायचे ते शिकवतात. बर्फातल्या इंधनाचा हिशेबही त्यात असावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

गोव्याचा संबंध याहून जवळचा. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली होती, आणि आजही मोहिमांचे नियोजन वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकातल्या भारतीय तळांची रसद दरवर्षी भाड्याच्या बर्फवर्गीय जहाजाने जाते. किनाऱ्याला चिकटून गोठलेला, वर हिमाचा थर असलेला बर्फ फोडत शेवटचे मैल काटावे लागतात. सूत्रे जिथे सर्वाधिक चुकतात, ते हेच मैल. शिवाय देशाचे स्वतःचे ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या कॉंग्सबर्गशी सामंजस्य करार केला आहे. आराखडा कागदावर असतानाच मोजमापाची उपकरणे घालणे स्वस्त पडते. नंतर शाफ्ट उघडून बसवायची म्हणजे गोदीचे दिवस आणि गोदीचे भाडे.

उपकरणे काही अवघड नाहीत. शाफ्टवर टॉर्शन मीटर, इंजिनाच्या व जनित्रांच्या तेलाच्या नळीवर वस्तुमान मोजणारे फ्लो मीटर, आणि कुशीवरून थेट खाली पाहणारा कॅमेरा. जहाज बर्फ मोडते तेव्हा लाद्या कडेला उभ्या होतात आणि त्यांची चिरलेली बाजू क्षणभर वर दिसते : खाली निळसर बर्फ, वर पांढऱ्या हिमाची पट्टी. डेकवरून बर्फाच्या हातभर वर माहीत असलेल्या व्यासाचा गोळा लोंबता ठेवला की त्याच्या मापाने चित्रातून जाडी काढता येते, हिमाची वेगळी आणि बर्फाची वेगळी. गोळा नसेल तर चित्रे नुसती पाहण्यापुरती उरतात. ब्रिजवरून दर तासाला बर्फाचे प्रमाण, प्रकार, लाद्यांचा आकार आणि बांध यांची नोंद ठेवायची. शाफ्टची शक्ती मात्र मिनिटामिनिटाला नोंदवायची, कारण दुपारच्या एका नून रिपोर्टमध्ये दिवसभराच्या धडका, थांबे आणि मोकळे पाणी सगळे एकाच बेरजेत मिसळून जाते. इंजिन थंड ठेवणारे समुद्राचे पाणी आत घेण्याच्या तोंडाशी बर्फाचा चिखल अडकून इंजिनाचा भार उतरवावा लागला, तर त्याचीही वेळेसकट नोंद हवी. नाहीतर ‘बर्फ पातळ होता म्हणून शक्ती कमी लागली’ असा उलटा अर्थ निघतो.

आमची मागणी मोजकी आहे. अंटार्क्टिक मोहिमेच्या जहाजाच्या पुढच्या निविदेत बर्फातल्या प्रवासासाठी स्वतंत्र तक्ता सक्तीचा करावा. रकाने असे : वेळ, जागा, पाण्यावरचा आणि जमिनीसापेक्ष वेग, शाफ्टची शक्ती, तासाचा इंधनखप मुख्य इंजिनाचा व जनित्रांचा वेगवेगळा, बर्फाची आणि हिमाची जाडी, झाकलेला भाग, धडकांची संख्या, अडकून राहिलेले तास. हा तक्ता वर्षाच्या आत सर्वांना खुला करावा. आयएमओमध्ये कार्बन-तीव्रतेच्या नियमांचा फेरविचार चालू आहे, तिथे भारताने बर्फातल्या प्रवासाची वजावट राहू द्यावी, पण वजा केलेला आकडा प्रत्येक जहाजागणिक जाहीर करण्याची अट घालावी. आणि ज्या अहवालात बर्फातल्या कार्बनचा अंदाज दिला असेल, त्यात एकच आकडा न छापता जाडी २० सेंटीमीटरने कमी-जास्त धरून येणारे दोन्ही आकडे शेजारी छापावेत.

आपले,
सागरी अभियांत्रिकी व नौवहन क्षेत्रातील काही वाचक,
मुंबई आणि वास्को